डोक्यावरची रेघ

१

खोक्यातून कोरकामाचं नवं मशीन काढून बाबांच्या टेबलावर ठेवलं, वायर लावली, कॉम्प्युटर सुरू केला, आणि सॉफ्टवेअरने पहिल्याच फटक्याला मला दारातून परत पाठवलं. जोडता येत नाही म्हणे. पोर्ट बिझी आहे, दुसरं कुणीतरी वापरतंय.

पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं मशीनशी बोलायचं दार. त्या दारात एका वेळी एकानेच उभं राहायचं असतं. मी माहितीपत्रक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आधी ड्रायव्हर टाका, मग वायर जोडा, मग पोर्ट निवडा, मग 'कनेक्ट' दाबा. सगळं शहाण्या मुलीसारखं केलं होतं. दुकानाचं शटर नुकतंच वर गेलेलं आणि आत मी एकटी. दुसरं कुणी म्हणजे कोण, माझं नशीब?

"आई," आतल्या खोलीकडे तोंड करून मी ओरडले, "हे मशीन काही माझं ऐकत नाही गं. कामात आहे म्हणतंय."

उत्तराची अपेक्षा नव्हतीच. आई बोलणं विसरत चालली होती. पण आतून चक्क हसू ऐकू आलं.

"मग थांब की जरा," आई म्हणाली. "हाका मारू नकोस. हातातलं झालं की येतील."

येतील! मशीनला अहोजाहो! मी वायर हातात धरून तशीच उभी राहिले. 'कामात आहे' हे बाबांचं वाक्य. जेवायला हाक मारा, फोन आलाय सांगा, पाहुणे निघाले सांगा, उत्तर ठरलेलं. गेल्या वर्षी याच टेबलाशी ते बसल्या जागी गेले. आईने चहाला हाक मारली होती आणि 'कामात आहे' असं उत्तर आलं नाही, म्हणून ती बाहेर आली होती. त्या दिवसानंतर तिने दुकानाचा उंबरठा ओलांडला नव्हता.

मी पुन्हा 'कनेक्ट' दाबलं आणि या वेळी मुकाट्याने जोडलं गेलं. मघाशी वायर नीट बसली नसेल, असं मी ठरवून टाकलं.

२

आमचं दुकान पाट्यांचं. पुढे दुकान, मागे घर. डॉक्टर, वकील, शिकवणीवाले, सगळ्यांच्या दारावर बाबांनी हाताने कोरलेलं अक्षर. आमच्या दारावर मात्र नुसता खिळा. घरच्या पाटीसाठी काळ्या लाकडाची एक फळी बाबांनी केव्हाची घासून ठेवली होती, पण तिचा नंबर कायम उद्या.

पाटी दोघांची मिळून व्हायची. बाबा आधी अक्षरं कोरायचे, नुसती बोडकी, डोक्यावर रेघ नसलेली. मग आई खडू घेऊन यायची. वेलांटी वाकडी आली, मात्रा चुकली, की तिथे खडूची फुली. बाबा कुरकुरत दुरुस्त करायचे. सगळं मनासारखं झालं की विचारायचे, "ओढू?" आई म्हणायची, "ओढा." मग ते सगळ्या अक्षरांवरून एकच रेघ ओढायचे, उजवीकडून डावीकडे, कारण बाबा डावरे. एकदा रेघ ओढली की विषय संपला. त्यानंतर आईलासुद्धा चूक काढायची मुभा नव्हती.

माझ्या हातात बाबांचं काहीच उतरलं नाही. आईची जीभ तेवढी वाट्याला आली. म्हणून हे मशीन, लेझरच्या उजेडाने लाकडावर अक्षर जाळणारं, मोठ्या बॅगेएवढं, वर नारिंगी काचेचं झाकण असलेलं. पण खरं सांगायचं तर मला दुकान नको होतं, मला आई हवी होती. ती दिवसभर मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायची आणि ताटातलं अर्धं ताटातच ठेवायची. मला वाटलं, पाट्या सुरू झाल्या तर तपासायला कुणीतरी लागेलच की.

नमुना म्हणून मी 'पहिली पाटी' असं टाइप केलं, प्लायवूडचा तुकडा ठेवला आणि झाकण लावलं.

आता यात एक गोष्ट आहे. कॉम्प्युटरच्या अक्षरात रेघ वेगळी नसतेच. प्रत्येक अक्षर आपला आपला तुकडा डोक्यावर घेऊन येतं. आणि मशीन वरून खाली ओळीओळीने जाळत येतं, म्हणजे रेघेचा भाग आधी उमटायला हवा. मी झाकणाला नाक लावून बघत होते. आधी 'प'चं पोट आलं. मग काना, मग वेलांटी. अक्षरं एकामागून एक येत गेली, सगळी बोडकी. शेवटच्या अक्षरानंतर लेझरचं डोकं उजव्या टोकाशी जाऊन थांबलं. पंखा घरघरत राहिला. मशीन अडकलं असं समजून मी माऊसकडे हात नेला.

"ओढा," मागून आई म्हणाली.

लेझर हललं आणि उजवीकडून डावीकडे, एका दमात, रेघ ओढली गेली.

आई उंबरठ्याच्या अलीकडे, दुकानात उभी होती. खाली बघत होती, आपली पावलं इकडे कशी आली याचं तिलाच नवल वाटत असावं.

"तू कुणाशी बोललीस?" मी विचारलं.

"कोरायचा आवाज थांबला ना. मला वाटलं, विचारलं," ती म्हणाली आणि ओशाळली.

मी झाकण उघडलं. जळक्या लाकडाचा वास आला. आईने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि 'पहिली'तल्या 'ली'वर थांबली. तो पाकळीचा ल होता, दोन पाकळ्या एकमेकींना टेकलेल्या, बाबा काढायचे तसा. मी पडद्याकडे बघितलं. तिथे हिंदीसारखा, दांडीचा ल होता. माझ्या कॉम्प्युटरमध्ये दुसरा नव्हताच.

फॉन्टची गडबड असेल, मी मनाशी म्हटलं. गडबड म्हटलं की आपल्याकडे काहीही झाकता येतं.

३

मशीनवाला येऊन गेला. उत्साही माणूस, स्वतःच्या विनोदावर आधी स्वतः हसणारा. त्याने सगळं उघडलं, बघितलं, माझीच 'पहिली पाटी' पुन्हा चालवली. या वेळी रेघ आधी, अक्षरं नंतर, आणि ल दांडीचा. अगदी नियमात.

"ताई, मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "याला डोकं आहे, पण मेंदू नाही. माझ्यासारखंच."

"आणि सकाळी सकाळी पोर्ट बिझी दाखवतं ते?"

"दुसरा कुठला प्रोग्राम मागे उघडा राहत असेल. दोघं एकदम नाही जोडता येत. आधीचा जो आत आहे त्याने सोडलं, तरच दुसऱ्याला मिळतं."

"आणि त्याला सोडायचंच नसेल तर?" आईने विचारलं. ती कोपऱ्यात तिच्या जुन्या स्टुलावर बसली होती.

"मग वायर काढून टाकायची, मावशी. सोपंय."

आईने टेबलावरची वायर उचलून जरा भिंतीकडे सरकवून ठेवली. पोराच्या हाताला लागेल म्हणून आपण कात्री सरकवतो, तशी.

पण ते दिवस फार चांगले गेले, हे मला सांगितलंच पाहिजे. आई रोज सकाळी केस विंचरून दुकानात यायची. पाट्यांची कामं हळूहळू येऊ लागली आणि ती माझ्या टाइप केलेल्या मजकुरात चुका काढू लागली. "ऱ्हस्व दीर्घाचा काही विधिनिषेध?" असं मला ऐकवू लागली. ती पुरतं जेवत होती. शेजारच्या शिंपीणबाईंशी दारात उभं राहून तासभर बोलत होती. सकाळी मशीन 'कामात' असायचं, आणि तेवढ्या वेळात ती टेबलाजवळ जाऊन हळू आवाजात काहीबाही सांगायची. माझ्या तक्रारी असाव्यात. मी आत चहा करत असायचे आणि मुद्दाम भांडी जोरात वाजवायचे. दोघांच्या बोलण्यात तिसऱ्याने कशाला पडायचं, असं मला वाटायचं. मग लक्षात यायचं, की बाहेर बोलणारी एकटीच आहे.

आई नसली की ल दांडीचा यायचा. आई स्टुलावर असली की पाकळीचा. मी हे कुणाला सांगितलं नाही.

४

मशीनला 'फ्रेम' म्हणून एक बटण असतं. जाळायच्या आधी ते दाबलं, की लाल उजेडाचा एक ठिपका कामाच्या कडेने फिरतो आणि पाटी कुठे बसणार ते दाखवतो. त्या ठिपक्याने जळत नाही. आणि त्याला चौकोन सोडून दुसरं काही फिरता येत नाही, हे सॉफ्टवेअरमध्येच तसं आहे.

दुपारची वेळ होती. आई झाकण उघडून मशीनच्या आतली राख पुसत होती. तिने आधारासाठी हात आत टेकवला आणि ठिपका निघाला. मी कशालाही हात लावला नव्हता. ठिपका तिच्या मनगटाशी सुरू झाला आणि तिच्या हाताच्या कडेने चालू लागला. अंगठ्यावरून वर, खाली, बोटांच्या मधल्या बेचक्यांत अगदी आतपर्यंत, घाई न करता.

"आई, हात काढ!"

"थांब गं. माप घेतायत."

तिने हात जराही हलवला नाही. चेहऱ्यावर असं काही हसू होतं, की मला तिथे थांबायचा संकोच वाटला. तरी मी झेप घेऊन वायर उपटली. ठिपका चालतच राहिला. करंगळीला वळसा घातला, मनगटाशी आला, आणि जिथून निघाला होता तिथेच विझला.

मी भिंतीवरचं बटण बंद केलं.

"असं मध्येच कुणाचं काम तोडतात का?" आई म्हणाली. रागावून नाही, पण दुखावून.

मशीनवाल्याला फोन केला. तो म्हणाला, त्याच्यात स्वतःची थोडी मेमरी असते, वायर काढली तरी राहिलेलं तेवढं ते पुरं करतं. ठीक आहे. मी वायर कपाटात घालून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी आई दुकानात आली नाही. तिसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळली होती आणि ताटात अर्धं जेवण होतं. मी दोन-चार दिवस मन घट्ट करून काढले. मग मीच कपाट उघडलं. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्या मशीनपेक्षा मला त्या अर्ध्या ताटाची जास्त भीती वाटत होती.

५

वायर जोडली त्या सकाळी आई काळी फळी घेऊन आली. बाबांनी घासून ठेवलेली, घरच्या दारासाठीची.

"आता ही करूया," ती म्हणाली. "खिळा किती दिवस रिकामा ठेवायचा?"

मी दोघांची नावं टाइप केली, वर बाबांचं, खाली आईचं, आडनावासकट, ऱ्हस्व दीर्घ तपासून. 'कनेक्ट' दाबलं. पोर्ट बिझी. पण फळी आत ठेवून आईने झाकण लावताक्षणी मशीन आपणहून सुरू झालं.

वर बाबांचं नाव आलं. बोडकं. लेझर उजव्या टोकाशी थांबलं.

"ओढा," आई म्हणाली आणि रेघ ओढली गेली. आईने डोळे पुसले. मीसुद्धा पुसले. इतक्या वर्षांनी त्या माणसाला स्वतःसाठी वेळ मिळाला होता.

मग खालची ओळ. मी आईच्या नावाचं पहिलं अक्षर शोधत होते, पण ते आलंच नाही. आलं 'फु'. मग 'ली'. ल पाकळीचा. आणि पुढे काहीच नाही.

"फुली?" मी म्हटलं. "हे काय आणि?"

आई लाजली. माझी आई, केस पिकलेली, चष्मा लावलेली, कानापर्यंत लाल झाली.

"मला म्हणायचे," ती म्हणाली. "सारख्या फुल्या मारते म्हणून. तू आसपास नसलीस की."

मी जन्मभर या घरात राहिले आणि हा शब्द माझ्या कानावर कधी पडला नव्हता. तो मी टाइप करणं शक्य नव्हतं. आता फॉन्टची गडबड म्हणायलाही जागा उरली नाही.

लेझर उजव्या टोकाशी गेलं आणि थांबलं. पंखा घरघरू लागला.

त्या पंख्याचं काम आतला धूर बाहेर फेकायचं. त्याची हवा आमच्या तोंडावर येत होती. माझे केस मागे उडत होते. आईच्या कानाजवळची बट मात्र पुढे आली होती, मशीनच्या दिशेला, ताणलेली. तिच्या खांद्यावरच्या शालीचं टोकही तिकडेच उचललेलं होतं. आणि नारिंगी झाकणाखाली, फळीच्या उजव्या कडेला, मला एक हात दिसला. उजवा, म्हणजे डावऱ्या माणसाचा आधाराचा. फळी हलू नये म्हणून कडेवर टेकवलेला, अंगठ्याचं नख हातोडीने काळं पडलेलं. मी पापणी मिटली नाही तोवर तो तिथे होता.

ओढू? ओढा. लहानपणापासून कानांवरून गेलेले शब्द. रेघ ओढतात, हे मला ठाऊक होतं. माणसालाही ओढतात, हे तेव्हा कळलं.

आईचं तोंड उघडलं. मी तिचा हात दोन्ही हातांनी धरला. तो हलका लागला, नको इतका हलका.

"नको ना म्हणूस," मी म्हटलं. "आई, नको. मी एकटी काय करू?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग फळीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. शेवटी तिने खिशातून खडू काढला, झाकण वर केलं आणि त्या दोन अक्षरांच्या शेजारी, काळ्या लाकडावर, एक ठसठशीत फुली मारली.

"चुकलंय," ती मोठ्याने म्हणाली.

"काय चुकलंय?" मी कुजबुजले.

"काही नाही गं," तीही तितक्याच हळू म्हणाली. "अक्षर मोत्यासारखं आहे." मग मशीनकडे वळून, बाबांशी बोलायची त्याच चढ्या आवाजात, "थांबा जरा! अजून तपासायचंय."

केस खाली आले. शाल खांद्यावर बसली. लेझर कुरकुरत मागे फिरलं आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन थांबलं. मशीनच्या भाषेत त्या कोपऱ्याला होम म्हणतात.

६

फळी तेव्हापासून मशीनमध्येच आहे. मी ती काढू दिली नाही आणि आईने मागितली नाही. कामासाठी मी दुसरं मशीन घेतलं. ते बिचारं दांडीचा ल काढतं आणि सांगितलं तेवढंच ऐकतं.

खडूची फुली टिकत नाही. पंख्याच्या हवेने पुसली जाते, असं मी म्हणते. सकाळी शटर वर करावं तर ती जागा स्वच्छ असते आणि लेझर उजव्या टोकाशी उभं असतं. आई यायची, फुली मारायची, "तपासायचंय अजून," म्हणायची. आमचं छान चाललं होतं. आम्ही भांडलो, हसलो, ती शिंपीणबाईंबरोबर गावभर हिंडली. तेवढे दिवस मी त्या खडूकडून मिळवले आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

मग तिचे गुडघे गेले. मग भूक गेली, आणि या खेपेला ती मशीनने परत आणून दिली नाही. आता ती आतल्या खोलीत पडून असते. खुर्ची नाही, भिंत नाही, तोंड दुकानाकडे. दाराचा पडदा बाजूला ठेवायला सांगते. फुली आता मी मारते.

लेझर हल्ली कोपऱ्यात परत जात नाही. फुली मारली तरी तिथेच राहतं, उजव्या टोकाशी. मी बटण बंद करून बघितलं, वायर काढून बघितली. त्याला घाई नाही, पण त्याने जागाही सोडलेली नाही.

"किती ताटकळत ठेवायचं गं माणसाला?" काल आईने विचारलं. मी तिचे पाय दाबत होते. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"मला म्हणवलं नाही तर तू म्हणशील ना?"

"काय ते?"

"माहितीये तुला."

आज सकाळी मी चहा करत होते. पंख्याचा आवाज थांबला. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, हल्ली तिला झेपत नाही इतका खणखणीत, आणि तो माझ्यासाठी नव्हता.

"आले हो, आले. एवढी हिची समजूत पटू दे."

मी भांडं खाली ठेवलं आणि दुकानात गेले. फळीवर फुली नव्हती. 'फुली' तेवढी होती, बोडकी, वाट बघत. मला 'ओढा' हा शब्द म्हणता आला असता. जिभेवर आलाही होता. आतून आई बघत होती, मला पाठीला कळत होतं.

मी टेबलावरून खडू उचलला. त्याचा आता नखाएवढा तुकडा उरलाय.